पट्टा

लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
रुकय्या नावाची मुलगी डोळ्याला भिंग लावून बसते.
तिने घड्याळ उलटंपालटं केलं, म्हणाली,
‘काका, माल एक नंबर. पण पट्टा जुळत नाही.’
मी मनगट पुढे केलं. बसतो की, तिसऱ्या भोकात!
ती हसली. ‘तो नाही हो. हवेतला.’

हवेतला पट्टा मला शिकवते ही पोर.
एकतीस वर्षं काढली मी बंदराच्या वायरलेस खोलीत,
चॅनल सोळावर कान ठेवून.
ग्रीक कप्तान, कोरियन कप्तान, रत्नागिरीचा तांडेल,
सगळे त्याच पट्ट्यावर येऊन खोकायचे,
मग विचारायचे, नांगर कुठे टाकू.
समुद्राला एक सोळा नंबर पुरत होता.
जमिनीवर प्रत्येक देशाने
आपापली हवा मोजून, बांध घालून विकली आहे.

घड्याळ हॅलिफॅक्सचं. ऋजुताने पाठवलं, सत्तरीचं.
‘बाबा, तुम्ही पडलात तर ते आपणहून मला कळवेल.’
इथे फोन घरी ठेवून भाऊच्या धक्क्यावर गेलो
की कोपऱ्यात लाल फुली.
म्हणजे पडायचं तर फोन खिशात घेऊन पडायला हवं.
नाडी मात्र कुठेही मोजतं.
तिला अजून कुणाचा परवाना लागत नसावा.

ऋजुताचा मुंबईचा नंबर माझ्याकडे असतो,
बटणांच्या फोनात, कपाटात, दाढीच्या सामानाशेजारी.
दर अठ्ठावीस दिवसांनी त्यात पैसे भरतो.
नाहीतर कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकील
आणि भलताच माणूस हॅलो म्हणेल तिच्या नंबरावरून.

तिच्याकडे सकाळचे सात, माझ्याकडे दुपारचे साडेचार
(तो अर्धा तास आपला, सहसा कुणाशी न जुळणारा).
‘बाबा, बँकेचा आकडा आला?’
‘थांब.’ चष्मा. कपाट.
संदेशात लिहिलेलं असतं, हा आकडा कोणालाही सांगू नका.
मी सांगतो.
सुरुवातीला जहाजांना सांगायचो तसा, प्रत्येक दोनदा:
चार, चार. शून्य, शून्य.
‘बाबा, एकदाच सांगा हो, मी चव्वेचाळीस लिहिते.’
आता एकदाच सांगतो. हळू.

जानेवारीत ती आली.
विमानातून उतरता उतरता तिच्या फोनवर संदेश:
‘भारतात आपले स्वागत आहे’,
खाली मिनिटाचा दर, डॉलरमध्ये.
टॅक्सीत तिने मला दाखवला. आम्ही हसलो,
मग माझगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

तिच्या नव्या फोनला सिमची फटच नाही.
‘त्यात काय, हाच नंबर आत भरून देतील,’ म्हणत
कंपनीच्या दुकानात गेलो दोघं.
टोकन एकशे बारा.
काउंटरवरचा मुलगा पडद्याकडे बघून म्हणाला,
‘नंबर सुमित्रा रेगे यांच्या नावावर आहे.
त्यांना घेऊन या. अंगठा लागेल.’
आम्ही बरं म्हणालो.
खाली उतरून उसाचा रस प्यालो, बर्फाशिवाय.

मग तीन आठवडे ती बटणांचाच फोन घेऊन फिरली.
दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा न बघता टाइप करत होता,
सातवर चार वेळा, दोनवर एकदा.
गेली तेव्हा फोन पुन्हा कपाटात ठेवला,
तिच्या क्रीमचा वास होता त्याला, गुरुवारपर्यंत.

काल साडेचारला फोन.
पाच आकडे सांगून झाले आणि तिचा आवाज तुटला.
समुद्राखालून जाते म्हणे तार,
कुठेतरी एखादा मासा आडवा आला असेल.
‘बाबा? शेवटचा?’
शेवटचा माझ्या जिभेवर होता.
दहा मिनिटांची मुदत, त्यातली तीन सरलेली,
आणि मी नुसता ऐकत होतो,
तिच्या मागे केटल शिट्टी घालायला लागली होती,
कुणीतरी बूट आपटत घरात आलं होतं.

मनगटावर थरथर झाली.
घड्याळ विचारत होतं,
नाडी वाढली आहे. आपण व्यायाम करत आहात का?

मी ‘होय’ दाबलं.
‘सात,’ म्हणालो. ‘सात.’