रिकामी बरणी

हायरम गाव, लोगनच्या जरा खाली.
आमच्या कुंपणाला लागून लारू जेपसनचं घर.
पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे फावडंही नव्हतं,
तिचे दोन नातू येऊन बर्फाची वाट मोकळी करून गेले
आणि दारात पीचची बरणी.
झाकणावर पेनानं साल, महिना.

मी आलं ठेचून चहा टाकला.
ती कपाकडे बघून ओशाळली, "आम्ही घेत नाही."
एवढा चांगला चहा बेसिनमध्ये ओतताना
माझ्याच घरात मी पाहुणी झाले.
पुढच्या वेळी दूध आटवलं, जायफळ किसून.
ते तिनं मागून घेतलं.

आमची मंडळी म्हणजे अकरा माणसं,
दातांच्या दवाखान्यामागचा भाड्याचा हॉल.
पाळकांनी एक कागद दिला होता:
ते काय मानतात, आपण काय मानतो,
मधे उभी रेघ.
सतरा मुद्दे, सतरा उत्तरं.
पाढे पाठ करावेत तसा मी तो पाठ केला
आणि टोमॅटोच्या रोपांआडून वाट बघत राहिले
मांजर दबा धरतं तशी.
आज लिहिताना लाज वाटते.

माझे बाबा संगमनेरकडे प्रचारक. सायकलवर.
अकोल्याच्या बाजूला काही दारांत त्यांना पाणी मिळे
ते वरून, ओंजळीत,
तांब्या हाताला लागू न देता.
ते पीत. तोंड पुसून म्हणत, "गोड आहे तुमची विहीर."
कुणी विचारलंच तर बोलत.
नाही विचारलं तर पुढचं गाव.
मला वाटे, केवढा हा वेळ वाया.

मार्चमधल्या एका रात्री लारू आली,
घरातल्याच सपातांनी, बर्फ तुडवत.
धाकटा टेरिल फिनिक्सला असतो.
त्यानं पत्र लिहून चर्चमधून नाव काढून घेतलं.
"आम्ही सगळे मंदिरात बांधले गेलोय एकमेकांना,
अनंतकाळासाठी.
आता तिकडे एक खुर्ची रिकामी राहील का?
दर रविवार. दर महिन्याचा उपास. दहावा हिस्सा.
कुठे कमी पडले मी, सांग."

कागद ड्रॉवरमध्ये होता, हाताच्या अंतरावर.
नववा मुद्दा आठवलाही, अक्षर न् अक्षर.
मी दूध तापत ठेवलं.

मग बाबांच्या सायकलचं सांगितलं.
डायनॅमोचा दिवा: पाय मारा तोवर उजेड,
थांबलात की काळोख.
एकदा घाटात छाती भरून आली, ते उतरले, दिवा विझला
आणि पाहतात तर चांदणं केव्हापासूनच रस्त्यावर पडलेलं.
दिव्याच्या उजेडात दिसत नव्हतं, एवढंच.
"मी ज्याला कृपा म्हणते, ते हे."
कृपा मी मराठीतच म्हणाले.
इंग्रजी शब्द येत नव्हता असं नाही.
"आणि इथे तुझं माझं जमत नाही, लारू.
ते लपवलं तर मी तुला फसवलं असं होईल."

तिनं दुधावरची साय चमच्यानं कडेला केली.
"चांदणं आमच्यातही आहे," जरा तुटकच.
मग बऱ्याच वेळानं,
"पण पाय मारून दमलेय, हे खरं."
मी काही बोलले नाही.
बाबा असते तर तेही
पुढचं गाव गाठायला उठले नसते.

रविवारी ती तिच्या चर्चला गेली, मी माझ्या हॉलवर.
गाड्या एकाच वेळी बाहेर पडल्या, आम्ही हात हलवले.

मंगळवारी बरणी परत द्यायला गेले.
रिकामं भांडं परत करायची आमच्याकडे रीत नाही,
लिंबाचं लोणचं भरलं होतं.
तिनं झाकण उघडलं, हुंगलं, शिंकली.
"तिखट?"
"तिखट. बेतानं खा."
मग झाकणावर पेनानं साल घातलं, महिना घातला.
"शुक्रवारी फिनिक्सला निघालेय," म्हणाली,
"टेरिलला तिखट आवडतं."