मागे घेताना

जुनी नाव छत्तीस किलोंची होती,
पिवळी, डाव्या कुशीला वितळवून बुजवलेली एक चीर.
ओव्हीड ती एकटाच उचलायचा,
पहाटे चारला, मला न उठवता,
पिकअपमध्ये सरकवून शेपटाला लाल चिंधी बांधायचा
आणि जायचा.
बावीस वर्षं त्याची मासेमारी
मी फक्त सिंकमध्ये पाहिली:
खवले, थोडं रक्त,
आणि रेडफिशच्या शेपटीवरचा तो काळा ठिपका,
कुणी बोटानं तीट लावावी तसा.

मग खांदा गेला.
एका दिवसात नाही.
आधी शर्टाची बाही, मग वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा,
मग मार्चमध्ये एकदा वारा फिरला
आणि खाजणातून दोन मैल वल्हवत
तो घरी पोचला रात्री नऊला,
जेवला डाव्या हातानं.
मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.
आमचं असंच चालतं.

नवी आली ऑगस्टात, हूमाच्या दुकानातून.
साडेतेरा फूट, शेवाळी,
पोटाखाली मोटर,
उभं राहून गळ टाकता येईल एवढी रुंद,
खुर्ची तर आमच्या ओसरीवरच्यापेक्षा बरी.
मोटर आली म्हणून सरकारी नंबरही आला.
पट्टी धरून, जीभ दातांत धरून
त्यानं एकेक आकडा चिकटवला,
तरी शेवटचा सात जरा घसरलाच.
शेड बारा फुटांची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
हिचं नाक बाहेरच राहतं,
मी त्यावर बादली पालथी घालते.

सगळं झालं,
घोडं पेंड खायला लागलं ते ट्रेलरपाशी.
तीस वर्षं टगबोट चालवलेला माणूस,
मिसिसिपीच्या वळणावर सहा बार्ज ओळीत फिरवणारा,
धक्क्याच्या उतारावर घामाघूम.
चाक डावीकडे फिरवावं तर ट्रेलर उजवीकडे,
आणि सरळ ठेवावं तर कुठेही.
मागे थेरिओ भावांची खेकड्यांची बोट खोळंबलेली.
हॉर्न कुणी वाजवत नव्हतं.
तेच जास्त लागत होतं.

दुकानदार म्हणाला होता, सुरुवातीला दोघं जा,
म्हणून मी शेजारी बसले होते,
मांडीवर बॅटरीचं माहितीपुस्तक.
"सरक," मी म्हटलं.

माझा बाप उसाच्या गाड्या हाकायचा,
तेराव्या वर्षी मी त्या मागे घ्यायची
कारखान्याच्या काट्यावर, उशीवर बसून.
हे ओव्हीडला माहीत होतं.
विसरला होता. खरं तर मीही.
पण हात आपोआप गेला स्टिअरिंगच्या तळाशी.
हात तिथे ठेवायचा,
आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा.
एवढंच. आणि घाई नाही.
चाकं बुडाली, मडगार्ड बुडाले,
आणि एवढी जड वस्तू
एका क्षणी कुणाचीच राहिली नाही.

तो गेला. आवाज फ्रिजएवढा.
गवताच्या वळणाआड टोपी दिसेनाशी झाली
तेव्हा मी रिकामा ट्रेलर वर घेतला
आणि उगाचच आणखी एकदा, सावकाश, खाली.
थेरिओंपैकी धाकट्यानं टोपीला हात लावला.

मासे? एकही नाही.
"फार लवकर पोचतो माणूस," ओव्हीड म्हणाला,
"वाटेत विचारच संपत नाहीत."
पिवळी नाव नेल्वाच्या नातवाला गेली,
चाळीस डॉलर आणि गवत कापण्याच्या बोलीवर.
तो ती डोक्यावर घेऊन पळाला,
खालून नुसते दोन पाय.
ओव्हीड बराच वेळ बघत राहिला,
मग खांदा चोळला. दुसराच.

आता शनिवारी पहाटे चारला
माझ्या पायाचा अंगठा हलतो.
कॉफी त्यानं केलेली असते, कडू.
अंगणात मी ट्रेलरच्या मागे उभी राहते.
डावा? लागला.
उजवा? ठोक जरा. हां, लागला.
ब्रेक?
तो पाय दाबतो,
आणि अंधारात मी,
नाइटगाऊन, चपला, हातातला कप,
सगळी लाल.