काठाच्या वर

सुई आधी डोक्यावरून फिरवायची, दोनदा.
केसांचं तेल तिला पुरतं.
हे पुस्तकात नाही.
सांगलीत, वखारभागातल्या शाळेत
एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेचा शिपाई, जिन्नाप्पा मगदूम.
बीकर फुटले एकूण चार,
त्यातला एक मांजराने.

काच साबणाने धुवायची नाही.
चिंचेच्या कोळाने घासायची, मग सात पाण्यांनी,
आणि आत बोट घालायचं नाही, कुणीच,
हेडमास्तरांनीही.
साबणाचा नुसता वास राहिला तरी
पाणी सैल पडतं
जुन्या बाजेसारखं, बसलं की बूड जमिनीला.

त्या दिवशी साहेब तपासणीला आले.
फळ्यावर ‘पृष्ठताण’, खाली दोन रेघा.
उपाध्ये सरांनी चिमट्यातून सुई सोडली.
बुडाली.
दुसरी बुडाली.
पोरं हसली नाहीत, ते जास्त वाईट.
मी कपाटाजवळ. मला कुणी विचारलं नव्हतं.
तरी पुढे झालो, तळातली सुई काढून पुसली,
टोपी उचलून केसांतून ओढली,
टिपकागदाच्या तुकड्यावर आडवी ठेवली
आणि कागद पाण्यावर सोडला.
कागद भिजत भिजत खाली गेला.
सुई राहिली.
तिच्याखाली पाणी वाकलं होतं,
तान्ह्या पोराच्या डोक्याखाली उशी वाकते तेवढंच.

साहेब मला म्हणाले, का?
मी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली.
मग सांगितलं, माझ्या भाषेत:
आतल्या कणाला चहूकडून शेजारी.
हा ओढतो, तो ओढतो, फिटंफाट.
अगदी वरच्याला वर कोण?
हवा. ती काही हात देत नाही.
म्हणून तो बाजूच्याला, खालच्याला धरून राहतो
आणि सगळा थर अंग चोरून घेतो.
साहेब ‘हं’ म्हणाले.
वहीत काय लिहिलं, ते आजवर कळलं नाही.

रत्नव्वा तेव्हा हळदीच्या पॉलिशला जायची.
संध्याकाळी घमेल्यात हात बुडवले
की पाण्यावर पिवळी साय.
तिच्या मधोमध तिने साबणाची वडी टेकवली
की सगळी हळद काठाला पळायची.
मला वाटायचं साबण ढकलतो.
पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं.
मग एकदा घमेल्याशी उकिडवा बसून नीट बघितलं.
ढकलत कुणीच नव्हतं.
मधली ओढ सुटलेली,
काठाची तेवढी शाबूत.
दोरखेचीत एक बाजू हात सोडते, तसं.
रत्नव्वाला सांगितलं. ती म्हणाली,
हळद माझ्या नखांतनं निघंना, त्याचं बघा.

आता नात आलीय सुट्टीला.
पेला काठोकाठ भरलाय, चिंच लावून धुतलेला,
आणि ती टाचण्या सोडतेय, टोक खाली, एकेक.
सदतीस झाल्या.
पाणी काठाच्या वर आलंय,
टपोरं, खिडकी उलटी धरून.
सांडत नाही.
अडतिसावी तिच्या चिमटीत.
तिने श्वास धरलाय, मीही,
बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारतोय
आणि स्वयंपाकघरातून रत्नव्वा:
सांडलं तर पुसणार कोण?