चिल्लर

कागद फार जुना झाला की त्याला वास उरत नाही,
असं दुरुस्ती विभागातले परवारमामा म्हणतात,
खळ ढवळता ढवळता, पणजीत, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीखाली मांडवी, कॅसिनोच्या बोटी.

आज टेबलावर एक विक्रीपत्र.
पोर्तुगीज मला तुटकंच येतं,
आकडे येतात, शरीराचे शब्द येतात.
मुलगी. वय बारा, अंदाजे. मोझांबिकहून.
डाव्या खांद्यावर डाग, पुढचा एक दात नाही.
पासष्ट अश्रफ्या.
त्याच पानावर खाली एक घोडी.
तिचं वय नक्की लिहिलंय.

मुलीचं नाव ब्रिजिदा,
म्हणजे पाद्रीने ठेवलेलं.
आधीचं नाव बोटीतून उतरलंच नाही बहुतेक,
किंवा उतरलं, आणि कुणी विचारलं नाही.

घेणाऱ्याचं आडनाव कसरीने खाल्लंय, अगदी गोल.
भोकावर मी पातळ कागद लावते.
अक्षर भरायचं नाही, हा नियम आहे.
आज तो मला आवडला.

सत्तावीस वर्षांनी, दुसऱ्या बासनात, पुन्हा तीच.
खुणा जुळतात: खांदा, दात.
रस्त्यावर दोदोल आणि पेराद विकून
स्वतःलाच विकत घ्यायला आलीय.
ऐंशी. भाव वाढला होता.
कारकुनाने वैतागून समासात लिहिलंय,
सगळी चिल्लर, मोजता मोजता जेवण टळलं.
सहीच्या जागी फुली.
शाई ओली असताना बोट लागलंय,
फुलीचा एक पाय लांब ओढला गेलाय
वाटेला लागल्यासारखा.

डिचोलीच्या शाळेत मला खापरी म्हणायचे.
बाकावर खडूने लिहायचे, बाईसुद्धा हसायच्या.
घरी येऊन मी तोंडाला पीठ चोळायचे.
आई म्हणायची, पीठ महाग आहे.
शब्द समुद्रावरून आलाय हे कुणाला ठाऊक,
आमच्याच ओट्यावर जन्मल्यासारखा वागायचा तो.

परीक्षेसाठी दूरदेशचे मोठे दिवस पाठ केले होते आम्ही,
कायदे, मोर्चे,
कोण कुठे बसलं आणि उठलं नाही.
ब्रिजिदा उभी होती.
मोजून होईपर्यंत.

संध्याकाळी बस चढणीवर वळते तिथे
झाडाखाली खापऱ्याचा दगड आहे.
ड्रायव्हर विडी ठेवतो. कोण होता तो, विचारलं
तर म्हणतो, राखणदार, आणखी कोण.
आज मीही खाली उतरले.
विडी नव्हती, पर्समध्ये सुटे होते.
एकेक नाणं ठेवत गेले, मोजत,
मागे बस हॉर्न वाजवत राहिली.