किरकोळ रजा

मंगळवारी तपासणी, दहा ते दोन.
पालद्याच्या अंगणवाडीत मी सतरंजी अंथरते,
आड्याला काटा, काट्याला झोळी,
आणि न आलेल्या नावांपुढे लाल शाईने लिहीत जाते
गै.
अख्खा शब्द मावेल एवढा रकाना नाही.

दितली, चौदा महिने. आई थावरी, झाबुआकडची.
गै. गै. गै.
वरून विचारतात, समजावलं का तिला?
समजावलं, साहेब. तिला समजतंच.
दहा ते दोन ती लवंगी शेवेची पाकिटं भरते,
दोन तास गेली तरी दिवसाचा खाडा धरतात.
यालाही रकाना नाही.

माझी नात साकेतला राहते.
तिच्या तपासणीची आठवण दवाखानाच करून देतो,
सुनेच्या फोनवर, आदल्या दिवशी, फुग्याच्या चित्रासकट.
ताप नसताना डॉक्टरकडे जायचं असतं
हे आम्हाला शहाणपणाने नाही शिकवलं,
महिन्याच्या एक तारखेने शिकवलं.

माझी आई शाळेत बाई होती.
दंडावरचा हा देवीचा व्रण
तिच्या अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा.
किरकोळ!
आणि त्यावर माझी साठ वर्षं उभी आहेत.

शुक्रवारी रात्री आठला मीच गेले कारखान्यावर.
थोरली फाटकाशी उभी, कडेवर दितली.
पहारेकऱ्याने इकडेतिकडे बघून आत घेतलं.
मालाच्या काट्यावर, तेलकट पत्र्यावर, बसवली तिला.
आकडे ठरेनात. ती चुरा वेचत होती, एकेक काडी.
मग ठरले. सात किलो ऐंशी ग्रॅम.

थावरीचे ओठ हलले,
पाव नाही, अर्धा नाही,
ती दोनशे ग्रॅमच्या पाकिटांत मोजत होती.
"पस्तीस," ती म्हणाली.
"एवढी तर मी चहाच्या आत भरते, बाई."
मग पदराला हात पुसले,
पुसलेलेच पुन्हा पुसले.

रजिस्टरात मी मंगळवारच्या घरात हजर मांडलं.
वार खोटा, वजन खरं.
दंडाला गुंडाळलेली पट्टी पिवळ्यावर थांबली होती.
पिवळं म्हणजे परत बोलवायचं, लवकर.
केव्हा येऊ, थावरीने विचारलं,
आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं,
मंगळवारी. दहा ते दोन.