दोनशे तीस मीटर

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
आवक रजिस्टरात ती नोंद मीच चढवली.
क्रमांक चौदाशे सात. विषय : राजीनामा.
कारण : वैयक्तिक.
दोन ओळींचं पत्र. त्याच्या वर
सायकल स्टँडच्या ठेकेदाराची तक्रार,
खाली बुद्धिबळाच्या पटांचं बिल.

क्रीडा विभागातल्या कूलरात अजून वाळा भरायचा होता.
बोरकुटे साहेब म्हणाले, "गेल्या का बाई?
मंग आता आपलं काय?"
बाईंचं दुःख नव्हतं त्यात.
खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांसमोर
आधी ट्रॅकच आला.

लाल रबराचा, आठ लेनचा, चारशे मीटर, मंजूर.
डिसेंबरात अधिवेशनाला अख्खं सरकार इथे उतरतं
तेव्हा कुलगुरू बाई रवी भवनाच्या हिरवळीवर
तीन तास उभ्या राहून सही घेऊन आल्या,
थंडीत, स्वेटर गाडीतच विसरून,
असं ड्रायव्हर सांगतो.
पहिला हप्ता आला. अमरावती रोडवरून
रोलर आला, त्याच्यामागे पोरं.
पहिलं वळण झालं. पलीकडची सरळ रेघ झाली.
दुसऱ्या वळणात शिरता शिरता
रबर संपलं.
पुढे मुरूम.

का गेल्या?
कोणी म्हणतं दबाव, कोणी म्हणतं मुलाकडे बंगलोरला,
कोणी म्हणतं वर काहीतरी मोठं मिळतंय.
टपरीवर तिघांचीही खात्री,
आणि चहाचे पैसे चौथ्याने द्यायचे.

प्रभारी आले ते भले गृहस्थ. रसायनशास्त्राचे.
फाईल दोन बोटांत धरतात,
ॲसिडची बाटली धरावी तशी.
हिरव्या शाईने लिहितात :
धोरणात्मक बाब. नियमित कुलगुरूंसमोर ठेवावी.
नियमित कुलगुरूंसाठी शोध समिती,
समितीसाठी बैठक, बैठकीसाठी कोरम,
आणि एकतीस मार्चच्या रात्री अकरा वाजता
अखर्चित रक्कम
आली त्या वाटेने परत.
चलनाची प्रत सोबत जोडली आहे.

अंडी त्याआधीच बंद झाली होती.
खेळाडूमागे दोन अंडी, एक केळं.
गोकुळपेठेतला अंडेवाला अजून उधारी लिहितो,
पण विद्यापीठाच्या नावावर नाही,
टेंभरे सरांच्या.

सगुणा उईके, बी.ए. भाग दोन, देवलापारची.
पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या.
ती फेऱ्या मारत नाही.
रबर संपतं तिथवर धावते, गर्रकन वळते,
परत येते, परत वळते.
मी म्हटलं, अगं, स्पर्धेत असं कोणी वळत नसतं.
"मले मालूम हाय, सर.
पन मुरमावर स्पाइक तुटले
त दुसरे कोन देईल?"
माझ्याकडे शिक्का होता, स्टॅम्प पॅड होतं,
टाचण्यांचा डबा होता.

एप्रिल. पहाटे साडेपाच.
फुटाळ्याकडून जरासा वारा.
फाटकातून एक बाई आत आल्या,
सलवार-कमीज, नवेकोरे बूट, मागे गाडी नाही, शिपाई नाही.
मी सवयीने उभा राहिलो.
त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.
चालत चालत लाल संपतं तिथे गेल्या.
उन्हाने कड थोडी उचलली आहे आता.
बुटाच्या टोकाने त्यांनी ती दाबली.
पाय काढला, ती पुन्हा उचलली.
पुन्हा दाबली.

तेवढ्यात मागून सगुणा, धापा टाकत :
"मावशी, लेन सोडा!"

बाई झटकन बाजूला झाल्या,
मुरमावर.
सगुणा वळली.

तिचं ते चौदावं वळण.
मी वहीत टिंब दिलं.