आठ पत्ते, दोन तारा

ग्रीनॉकला, साखरेच्या जुन्या गोदामांपासून चार दारं पुढे,
खाली चिप्सचं दुकान आहे, आणि वर आमचं.
त्यांचा तळणीचा वास, आमचा राळेचा,
जिन्यात एकमेकांत मुरलेले.
गिऱ्हाईक चुकून वर येतं. इशबेल त्याला सांगते,
"आमच्या चिप्स व्हिनेगर लावलं की मरतात."

इशबेल मॅकॉर्कोडेल, वय एकाहत्तर.
कारखाना होता तेव्हा दिवसाला दोनशे बोर्ड तिच्या भिंगाखालून गेले.
कारखाना गेला, भिंग तिने घरी आणलं.

आज टेबलावर भरती-ओहोटी नोंदणारी पेटी,
धक्क्यावरून काढलेली, कडांना मीठ.
जागा कमी पडते म्हणून कोणीतरी हौसेने
दुसऱ्या धक्क्याची मेमरी उपसून हिच्या शेजारी बसवली,
त्याच दोन तारांवर, त्याच पत्त्यावर.
हाक एकीला, ओ दोघींची.
आणि या तारेचा कायदा असा
की एकीनेही शून्य म्हटलं तर शून्य.
चौदा मार्चच्या पहाटे कागदावर उमटलं
असं पाणी, जे ना या धक्क्याला लागलं, ना त्या.

मिरजेला आमच्या वर्गात तीन पटवर्धन होतो.
बाई आडनाव घ्यायच्या, आम्ही एका सुरात "हजर",
जी आली नाही तीसुद्धा हजर.

"आडनाव सगळ्यांचं एकच," इशबेल म्हणते,
"एक शून्य एक शून्य. नाव ठेवायचं या तीन पायांवर."
मी बारशाला बसते.
थोरलीचे तिन्ही पाय जमिनीला,
दुसरीचा एक वर,
अशा करत आठवी, तिन्ही वर.
नववीला इथे जागा नाही.
पाय कुणाचाच अधांतरी सोडायचा नाही,
अधांतरी पाय वाऱ्याचं ऐकतो,
सकाळी एक नाव सांगतो, संध्याकाळी दुसरं.

मग तार वर धरायला रेझिस्टर.
मी आठ काढते, प्रत्येकीला आपापला.
इशबेल सहा, सात, आठ असे परत डबीत टाकते,
मग उरलेल्यांतलेही तीन.
दोन तारांना दोन. पुरे.
"सगळ्यांनी मिळून वर धरलेली तार
कुणालाच खाली आणता येत नाही, पोरी.
आणि हो म्हणायचं तर इथे खालीच ओढावी लागते."

आमच्याकडे मौन म्हणजे संमती.
इथे गप्प राहिलं की नकार,
होकाराला वाकावं लागतं.

जुनी चिप मात्र अडली. वीज मध्येच गेली असणार,
शब्द अर्धा, आणि तार तिच्या मुठीत.
बाकीच्या सात गप्प.
मी बंद करून चालू करायला हात पुढे केला.
इशबेलने मनगट धरलं.
तिचा भाऊ आर्ची जहाजांच्या गोदीत रिव्हेटवाला होता, बोलताना अडखळायचा.
त्याचं वाक्य कुणी पुरं करून द्यायचं नाही, असा आईचा दंडक.
आई फक्त टेबलावर बोट वाजवायची,
सावकाश, एकसारखं,
आणि आर्ची उरलेली अक्षरं एकेक करून खाली ठेवायचा.

घड्याळाच्या तारेवर आम्ही ठोके दिले.
एक. दोन. सातव्याला काही नाही.
नवव्याला मूठ सुटली.

मग हजेरी. पहिली, हो. दुसरी, हो.
सहावी गप्प.
माझी सोल्डरिंग बघायला मी भिंग ओढलं.
"लिहितेय ती," इशबेल म्हणाली, "लिहिताना कुणी ओ देतं का?
पुन्हा विचार."
पुन्हा विचारलं. हो.

खाली शटर पडलं. आम्ही उरलेले मासे निम्म्या भावात आणले,
आणि तेलकट बोटांनी पेटीला लेबल लावलं.

आज सकाळी धक्क्यावरून नोंद आली:
पाणी तीन मीटर दहा.
ग्रीनॉकचं. फक्त ग्रीनॉकचं.